जुनी पॉइंट टू-टू घेताना

जुनी रायफल बघायला गेलेला माणूस मालकाला आधी गोळ्यांबद्दल विचारतो: आजवर किती झाडल्यात? मोठ्या बोअरच्या रायफलीत हा प्रश्न रास्त आहे. पॉइंट टू-टूच्या (.२२) बाबतीत त्याचा फारसा उपयोग होत नाही. पन्नास हजार गोळ्या झाडूनही नेमाला पक्की राहिलेली टू-टूची नळी असू शकते. उलट एखादी नळी पाचशे गोळ्यांतच कायमची बिघडलेली असते, कारण त्या पाचशे झाडून झाल्यावर कित्येक पावसाळे तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलेलं नसतं. म्हणून विचारायचं ते हे, की रायफल कुणाच्या हातात होती आणि झाडून झाल्यावर त्या हातांनी तिचं काय केलं. मालकाला सगळं आठवत नसेल, किंवा सांगायचं नसेल. नळीत मात्र सगळं उमटलेलं असतं आणि ते वाचायला शिकता येतं. या प्रकरणात तेच शिकायचं आहे.

आधी हे काडतूस मुळात किती सौम्य आहे ते पाहू. पॉइंट टू-टू लाँग रायफलची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची असते. ती नुसत्या शिशाची असते आणि तिच्यावर मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ थर असतो. .३०३ किंवा आपल्याकडच्या .३१५ च्या गोळीवर असतं तसं तांब्याच्या मिश्रधातूचं कवच तिच्यावर नसतं. तिच्यामागची दारू .३०३ च्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आणि नळीतला दाब साधारण निम्मा. मोठ्या रायफलीत जळत्या वायूची धग चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, लगेच पुढचं पोलाद दर गोळीला थोडं थोडं खाते, आणि काही हजार गोळ्यांत तो भाग रुंदावून खडबडीत होतो. टू-टूमध्ये ती धगच नसते. मऊ शिसं पोलादावरून पुढे सरकतं, ग्रीस सोडतं आणि तोंडातून बाहेर पडतं. या घर्षणानं नळी झिजायला माणसाच्या नेमबाजीचं अख्खं आयुष्यही अपुरं पडू शकतं.

मग टू-टूच्या नळ्या खराब होतात कशानं? गंजानं, साफ करण्याच्या चुकीच्या पद्धतीनं आणि काडतुसाच्या बुडातल्या मसाल्यानं. महत्त्वही याच क्रमानं.

या मसाल्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्यावर फार कुणी बोलत नाही. टू-टूचं काडतूस कडेवर पेटणारं आहे. पेटता मसाला बुडाच्या कडेत, आतल्या बाजूनं भरलेला असतो. घोडा सुटला की पिन त्या कडेवर आदळते, मसाला चिरडला जातो आणि पेटतो. तो नीट पेटावा म्हणून बहुतेक कारखाने त्यात काचेची बारीक पूड मिसळत आले आहेत. ही पूड दर गोळीबरोबर नळीत येते, आणि थोडी मागे राहून नळीच्या तळाशी, चेंबरच्या पुढच्या दोनेक इंचांत साठते. पुढची गोळी तिच्यावरून घासत जाते. खरोखर खूप झाडलेल्या टू-टूची झीज सापडते ती तिथे, घड्याळातल्या सहाच्या आकड्याच्या बाजूला.

गेल्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतला मसाला याहून वाईट होता. त्यातल्या क्लोरेटमुळे नळीत मिठाच्या जातीचे क्षार राहत. क्षार हवेतलं पाणी ओढतात, आणि ते तेलात विरघळत नाहीत. म्हणून त्या काळचे जाणते लोक नळी गरम पाण्यानं धुऊन, कोरडी करून मग तेल लावत. ज्यांनी नुसतंच तेल लावलं त्यांच्या नळ्या तेलाखाली गंजत गेल्या. आजोबा-पणजोबांच्या काळातली बीएसए रायफल आतून खड्ड्याखड्ड्यांची निघाली, तर वापर जास्त झाला असं लगेच समजू नये. बहुतेक वेळा ती करामत त्या मसाल्याची असते.

आमच्या सोलापूर जिल्ह्यात अशा जुन्या रायफली बाजारात का येतात, हेही पाहायला हवं. इथल्या माळरानावर एके काळी शिकार चालायची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती थांबली आणि १९७९ मध्ये नान्नजच्या परिसरात माळढोक अभयारण्य झालं. ज्या माळावर काळविटामागे बंदुका फिरल्या, तिथे आज लोक दुर्बिणी घेऊन जातात, आणि ते फार चांगलं झालं. पण शिकारी घरांतली शस्त्रं तशीच राहिली. परवान्याचं नूतनीकरण होत राहिलं, रायफल मात्र कपाटातून क्वचितच बाहेर आली. पुढच्या पिढीला तिचं काय करावं हे कळेना. त्यात २०१९ ची दुरुस्ती आली. एका परवानाधारकाकडे जास्तीत जास्त तीन शस्त्रांची मुभा होती ती दोनवर आली आणि तिसरं वर्षभरात जमा करायचं ठरलं. घरोघरी विचार झाला की ठेवायचं काय आणि सोडायचं काय, आणि संरक्षणाला फारशी कामाची नसलेली टू-टू बऱ्याचदा सोडायच्या यादीत गेली.

दुसरीकडे या रायफलीला गिऱ्हाईक वाढलं. पश्चिम महाराष्ट्रात नेमबाजीचं वेड आहे आणि त्याला कारणंही तशीच आहेत. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून) ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्य आणलं. दोघांच्याही हातातली रायफल पॉइंट टू-टूच. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. हे पाहून एखाद्या घरातला पोरगा किंवा पोरगी 'मलाही टू-टू हवी' म्हणते, आणि आईवडील जुन्या रायफलीच्या शोधाला लागतात. नवी परदेशी रायफल सामान्य माणसाला मागवता येत नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून ती वाट जवळजवळ बंद आहे आणि आयातीची सवलत आहे ती नामांकित नेमबाजांना. म्हणून ब्रनो, बीएसए, आन्शुट्झ अशी नावं कोरलेल्या जुन्या रायफलींना त्यांच्या वयाला न शोभणारी किंमत येते. नावाला किती पैसे मोजायचे आणि नळीला किती, हे घेणाऱ्याला समजायला हवं.

कायद्याकडे मी एरवी शेवटी वळलो असतो. इथे तो आधी घ्यावा लागतो, कारण नळीची तपासणी कधी करायची हे त्यावरच ठरतं.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात पॉइंट टू-टूला स्वतंत्र जागा होती. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या किंवा असोसिएशनच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट टू-टू हवी असेल तर परवाना द्यावा, असं २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत तेराव्या कलमात नाव घेऊन म्हटलं होतं.  या मोकळेपणामागे त्या काळची क्लबांची चळवळ असावी असं मला वाटतं. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली आणि लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर तिचे पहिले अध्यक्ष होते. राष्ट्रीय स्पर्धेकडे नेणारी मावळंकर स्पर्धा त्यांच्याच नावानं भरते.

परवाना हातात असला तरी दोन व्यक्तींमधली खरेदी-विक्री परस्पर होत नाही. विकणाऱ्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. सोलापूर शहरात परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयाकडे, बाकी जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे. व्यवहार झाला की दोन्ही परवान्यांवर नोंदी. गन हाऊसमधून घेतली तर थोडं सोपं, पण कागद तेवढेच.

याचा अर्थ असा, की एकदा रायफल परवान्यावर चढली की ती सहजासहजी उतरत नाही. दोनच शस्त्रांची मर्यादा असताना एक जागा खराब नळीनं अडवली तर पुढची चांगली रायफल समोर येऊनही घेता येत नाही. अमेरिकेत किंवा युरोपात लोक जुनी रायफल स्वस्तात घेऊन नळी बदलून टाकतात. आपल्याकडे बदलायला नळी सहज मिळत नाही, मिळाली तरी हे काम परवानाधारक कारागिराचं, आणि नळी कापून आखूड करायची तर सहाव्या कलमानुसार त्याला वेगळा परवाना लागतो. तेव्हा नळीची तपासणी विक्रीचा अर्ज जाण्याआधी करायची. विसार देण्याच्याही आधी.

तपासणी मालकाच्या घरी किंवा दुकानात, मालकाच्या देखत होईल. चांगला मालक तिला कधी नाही म्हणत नाही. जाताना सोबत न्यायचं सामान थोडंच आहे: लहान टॉर्च, पांढरा कागद, भिंग, नळीच्या मापाचा एकसंध रॉड, पितळी ब्रश, सुती चिंध्या आणि थोडा कापूस. यूएसबीवर चालणारा बारीक बोअर कॅमेरा मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तरी बिघडत नाही. डोळे आणि बोटं पुष्कळ सांगतात.

पहिलं काम सुरक्षिततेचं. बोल्ट उघडा, मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी पाहा आणि त्याच्या तोंडाशी करंगळीचं टोक लावूनही पाहा. एनसीसीत शिकलेल्याला हे सांगावं लागत नाही. पॉइंट टू-टूशी बहुतेकांची पहिली गाठ तिथेच पडते. मग परवान्यावरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर जुळतो का ते बघा. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर रायफल खाली ठेवा आणि निघा. त्यात सुधारण्यासारखं काही नसतं आणि कायद्यानं तो गुन्हा आहे.

बोल्ट बाहेर काढून नळीतून लगेच पाहू नका. अशा वेळी नळी बहुधा तेलानं माखलेली असते, कारण विकायला काढताना माणूस तेवढं करतोच. तेल खड्डे भरून टाकतं आणि नळी आरशासारखी चमकते. मागच्या बाजूनं रॉड घालून दोन कोऱ्या चिंध्या फिरवा, ब्रश फिरवा, पुन्हा चिंधी. बाहेर येणाऱ्या चिंध्या जपून ठेवा. काळी चिंधी म्हणजे दारूची काजळी, ती असणारच. करडी आणि चमकणारी रेघ म्हणजे शिसं. विटकरी किंवा तांबूस डाग म्हणजे गंज. चिंधी एकदा तांबूस आली आणि पुढची स्वच्छ आली तर गंज वरवरचा होता. चौथ्या चिंधीलाही तांबडं येत असेल तर खाली खड्डे आहेत असं धरून पुढे चला.

आता नळीचं तोंड खिडकीकडे करा आणि मागून पाहा. सरळ ऊन नको. पांढऱ्या कागदावरून परतलेला मंद उजेड हवा, कारण सरळ उजेडात सगळ्याच नळ्या सुंदर दिसतात. आतल्या खाचा वळत वळत पुढे गेलेल्या दिसतील. सुताचा पीळ इंचाला किती हे सोलापूरच्या मागावर काम केलेल्या माणसाला सांगायला नको. नळीचा पीळ उलट्या हिशेबानं मोजतात: एक पूर्ण पीळ किती इंचांत. टू-टूमध्ये तो बहुधा सोळा इंचांत असतो. चोवीस इंची नळीत गोळी दीड फेरा घेते आणि सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगानं बाहेर पडताना सेकंदाला आठशेच्या आसपास फेरे घेत असते. एवढी भिंगरी लावणाऱ्या खाचांची खोली किती, तर मिलिमीटरचे सोळा भाग केले तर त्यातला जेमतेम एक. म्हणजे आपण पाहतोय ती झीज मिलिमीटरच्या शतांशात मोजायची आहे. म्हणूनच 'खाचा दिसतात ना, मग झालं' या शेऱ्याला अर्थ नाही. खाचा पार खराब नळीतही दिसतात.

पाहायच्या त्या खाचांच्या कडा. चांगल्या नळीत उंचवटा आणि खाच यांच्यामधली कड चेंबरपासून तोंडापर्यंत सारखी, धारदार रेघ म्हणून दिसते. नळी हळूहळू फिरवत त्याच रेघेचा माग काढत जा. कुठे रेघ पुसट झाली, उंचवट्याची बाजू गोलसर झाली, उजेड एकदम मंदावला, तर ती जागा लक्षात ठेवा आणि चिंधी फिरवून पुन्हा तिथेच पाहा. मंद डाग पुसला गेला तर काजळी होती. तिथेच राहिला तर पोलाद खाल्लं गेलं आहे. सगळीकडे सारखी पसरलेली किंचित राखाडी झाक असली तर घाबरू नका. अशा नळ्या दिसायला फिक्या आणि नेमाला उत्तम असू शकतात. शिसं त्या झाकेवरून सहज सरकतं. वाईट असतात ते खोल, कडा असलेले खड्डे, कारण प्रत्येक खड्डा जाणाऱ्या गोळीचं शिसं खरवडून धरतो आणि पुढच्या गोळीसाठी नळीचा आकार बदलतो. असे खड्डे तोंडाकडच्या शेवटच्या दोन इंचांत असतील तर अधिकच वाईट, कारण गोळीला शेवटचा आधार तिथे मिळतो.

नळीत मध्येच काळसर कडं दिसलं, सावलीचं वर्तुळ असावं असं, तर ती फुगलेली आहे. कधीतरी एक गोळी अर्ध्यात अडकली, झाडणाऱ्याला कळलं नाही आणि मागून दुसरी आली. ओलावा लागलेल्या जुन्या काडतुसांत हे घडतं. बाहेरून पाहायचं तर नळी ट्यूबलाइटखाली आडवी धरा. पोलादावर उजेडाची एक लांब सरळ रेघ पडते. नळी फिरवत राहा. फुगलेल्या किंवा वाकलेल्या जागी ती रेघ थरथरते, जाड होते, बाजूला सरकते.

डोळ्यांनंतर हात. थोडी घट्ट बसेल अशी चिंधी रॉडवर लावून ती मागून पुढे अगदी सावकाश ढकला. चांगल्या नळीत विरोध एकसारखा लागतो, तोंडाकडे किंचित वाढला तर फारच छान. फुगलेल्या जागी हात एकदम मोकळा होतो. खड्ड्यांच्या पट्ट्यात खरखर जाणवते, आणि ती शब्दांत सांगण्यापेक्षा एकदा अनुभवली की विसरत नाही. अधिक खात्री हवी असेल तर शुद्ध शिशाची छोटी कांडी तेल लावून नळीतून ढकलतात आणि मायक्रोमीटरनं मोजतात. टू-टूमध्ये खाचांच्या तळापासून तळापर्यंत माप ५.६४ मिलिमीटरच्या जवळ यायला हवं. यासाठी खरं काडतूस कधीच वापरू नये.

आता तोंड. टू-टूच्या नळीची सर्वांत नाजूक जागा ही, आणि जास्तीत जास्त मार हिलाच बसतो. ज्या रायफलींचा बोल्ट मागून निघत नाही, म्हणजे जुन्या मार्टिनी किंवा अर्धस्वयंचलित, त्या तोंडाकडूनच साफ कराव्या लागतात. जोडाजोडीच्या लोखंडी रॉडवर धुळीचे कण चिकटतात आणि प्रत्येक फेरीत कडेवर घासतात. एनसीसीत आणि सैन्यात पुलथ्रू वापरतात: दोरी, तिच्या एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाला चिंधी. दोरी सरळ ओढली तर काही होत नाही. घाईत तिरकी ओढली, त्यात दोरीला धूळ असली, की ती तोंडाच्या एका बाजूला खाच पाडते. वर्षानुवर्षं शेकडो पोरांच्या हाताखालून गेलेल्या जुन्या रायफलींची तोंडं अशीच एका अंगानं झिजतात. भिंगातून पाहिलं तर सगळ्या खाचा तोंडाशी एकाच पातळीवर संपलेल्या दिसायला हव्यात. एखाद्या बाजूला त्या आधीच पुसल्या गेल्या असतील तर गोळीमागचा वायू त्या बाजूनं आधी निसटतो आणि गोळीला बाहेर पडतानाच ढकलतो. कापसाचा बोळा कडेवरून हलकेच फिरवा. जिथे तंतू अडकेल तिथे बारीक टोक उभं आहे.

शेवटी चेंबर. काडतूस नसताना घोडा ओढायची खोड घरात प्रत्येक पाहुण्याला असते. टू-टूमध्ये अशा वेळी पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळते. दर वेळी थोडी थोडी. शेवटी कडेवर पिनच्या रुंदीचा खळगा पडतो आणि दबलेलं पोलाद आतल्या बाजूला फुगतं. मग काडतूस ढकलून बसवावं लागतं आणि रिकामी पुंगळी चिकटते. मागून टॉर्च मारा, पिन जिथे आदळते तिथे नखाचं टोक फिरवा. खळगा लागतो. एवढ्यानं व्यवहार मोडायची गरज नाही, जाणता कारागीर खास अवजारानं तो भाग परत सारखा करतो. चेंबरच्या लगेच पुढे मात्र पूर्ण फेरी घेतलेलं खरवडलेलं कडं दिसलं तर त्याचा अर्थ वेगळा. लाँग रायफलच्या चेंबरमध्ये आखूड काडतुसं खूप झाडली की ते पडतं. त्या जागी नेहमीची पुंगळी फुगून अडकते.

नळी बाहेरून नवीकोरी, गडद निळी झालेली असेल तर अक्षरांकडे पाहा. कारखान्याची कोरीव अक्षरं आणि तपासणीचे शिक्के कडेनं पुसट झाले असतील तर पॉलिश करताना पोलाद घासलं आहे. बाहेर खोल गंज होता म्हणूनच कुणी तेवढं घासलं असणार, आणि बाहेर गंज असताना आत कोरडं राहिलं असेल अशी आशा कमी. अक्कलकोटच्या राजवाड्यातल्या शस्त्रसंग्रहालयात रांगेनं लावलेली शस्त्रं पाहताना नजर दस्त्यावर, नक्षीवर, ठशांवर खिळते, आणि तिथे ती तशीच खिळावी. विकत घ्यायला गेल्यावर डोळ्यांना ती चैन परवडत नाही.

सोलापूरच्या हवेचा एक फायदा खरा आहे. कोकणातल्या किंवा मुंबईच्या घरात राहिलेल्या नळीपेक्षा इथल्या कोरड्या माळावर राहिलेली नळी सहसा बरी निघते. पण त्यावर विसंबू नका. रायफल चामड्याच्या किंवा लोकरी अस्तराच्या खोळीत ठेवलेली असेल तर खोळ सप्टेंबरच्या पावसातला ओलावा धरून ठेवते आणि उन्हाळ्यापर्यंत सोडत नाही. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्रं अनेकदा जमा करावी लागतात. त्या काळात तिला कुणाचाही हात लागत नाही. परत आणल्यावर मालकानं ती उघडून पुसली होती का, हे विचारायचा संकोच करू नका.

हे सगळं झाल्यावरही शेवटचं मत निशाणाच्या कागदाचं. मान्यताप्राप्त रेंजवर, मालकाच्या परवान्यावर, मालकाच्याच हातानं ती झाडून घ्या. पुण्याला बालेवाडीपर्यंत जावं लागलं तरी तो खर्च रास्त आहे. टेकूवर ठेवून ५० मीटरवरून पाच-पाच गोळ्यांचे आठ-दहा ग्रुप, म्हणजे भोकांचे पुंजके, काढायचे. तीन गोळ्यांवरून निष्कर्ष काढू नये, तीन गोळ्या कुठल्याही नळीतून कधी ना कधी एकत्र पडतात. काडतुसं किमान दोन जातींची न्या, कारण टू-टूची नळी एका लॉटवर खूश आणि दुसऱ्यावर नाराज असते आणि त्यात तिचा दोष नसतो. साध्या शिकारी बांधणीची जुनी रायफल २५-३० मिलिमीटरचा ग्रुप सातत्यानं देत असेल तर नळी निरोगी समजायला हरकत नाही. स्पर्धेच्या रायफलीकडून त्याच्या निम्म्याहूनही कमी अपेक्षा ठेवायची.

पण माझ्या मते ग्रुपच्या आकारापेक्षा त्यांचा क्रम जास्त बोलका असतो. साफ केलेल्या नळीतले पहिले दोन ग्रुप छान, तिसरा जरा सैल, चाळिसाव्या गोळीपर्यंत पार विस्कटलेलं, मग साफ केल्यावर पुन्हा छान: असं झालं तर खड्डे शिसं गोळा करत आहेत. स्पर्धेत मध्ये थांबून नळी घासत बसता येत नाही. अशी रायफल सोडून द्यावी. पहिल्या ग्रुपपासून शेवटपर्यंत पसारा तेवढाच, फक्त थोडा मोठा, तर संशय तोंडावर घ्यावा. आणि कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक दिसलं, म्हणजे गोळी आडवी पोहोचली, तर पुढे काही मोजायची गरज उरत नाही.

यावरून पैशाचं गणित बसतं. तोंडाची झीज असेल तर परवानाधारक कारागीर लांबीला हात न लावता कड पुन्हा सारखी करून देऊ शकतो. तेवढी मजुरी आणि थोडा धोका किमतीतून वजा करून घासाघीस करावी. चेंबरच्या कडेचा खळगा, वरवरचा गंज, साचलेलं शिसं यांचाही निकाल लागतो. फुगलेली नळी, मध्यभागाचे खोल खड्डे, चेंबरपुढचा खाल्लेला पट्टा यांवर उपाय एकच, नळी बदलणं किंवा तिच्या आत नवी नळी बसवणं. बर्मिंगहॅमच्या पार्कर कंपनीनं हे दुसरं काम पूर्वी मोठ्या प्रमाणावर केलं. आपल्याकडे आज त्यासाठी किती दारं ठोठवावी लागतील याचा विचार केला, तर नाव कितीही मोठं असो, अशा रायफलीला फक्त दस्त्याची आणि बोल्टची किंमत द्यावी. मालक तेवढ्यावर तयार होणार नाही, आणि व्हावं अशी अपेक्षाही नाही. विक्रीची लेखी सूचना अजून गेलेली नाही, त्यामुळे आभार मानून बाहेर पडायला काहीच अडचण नसते.